आंखणीचीं साधनें : दोरी, नळी आणि गुण्या

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकीं बरींचशीं मावळांतून आलेलीं आहेत. कोणीं कामशेतच्या बाजूस वडिलार्जित जमिनीपैकीं चार गुंठे घरासाठीं काढून ठेवले आहेत. कोणी मुंबईची नोकरी संपवून लोणावळ्यास कायमचें राहावयास जाणार आहे. एका कुटुंबांत तर तिघे भाऊ एकाच जोत्यावर तीन बिऱ्हाडांचें घर उभारीत आहेत. विचारणा मात्र सर्वांची जवळजवळ एकच. पायाची आंखणी करण्यास महागडें यंत्र आणलेंच पाहिजे काय, कीं थोडक्या खर्चाच्या साधनांनीं ती बिनचूक होऊं शकते? ठेकेदार सांगतो, दोरीनें आजवर शेंकडों घरें आंखलीं. अभियांत्रिकी शिकणारा मुलगा म्हणतो, लेझर आणल्यावांचून काम सुरूच करूं नका. आणि घरचा कर्ता दोघांचीं तोंडें पाहत बसतो.

आमचें उत्तर असें कीं, एकमजली किंवा दुमजली घराची आंखणी लांब पोलादी टेप, पाण्याची पारदर्शक नळी, ओळंबा, सूत, खरा गुण्या आणि डझनभर खुंट्या एवढ्या साहित्यावर अगदीं समाधानकारक होते. या साऱ्याचा खर्च एका मजुराच्या चार-पांच दिवसांच्या रोजाहून फारसा अधिक होत नाहीं. मात्र प्रत्येक साधन कोठें व किती चुकतें हें ठाऊक असल्यावांचून तें हातीं घेऊं नये. शिवाय एक काम असें आहे कीं, तें या साधनांचें नव्हेच. तें म्हणजे जमिनीची हद्द ठरविणें.

हद्दीचा विषय आधीं संपवूं. मावळांतील पुष्कळ जमीन मूळची भातखाचरांची. खाचरांचे बांध मातीचे. ते पावसानें खचतात, आणि नांगराच्या फेऱ्यांबरोबर बोट-दोन बोटें एका बाजूस सरकतात. कोणत्या बाजूस, हें नांगर कोणाचा यावर अवलंबून! अशा बांधाला सीमा समजून तेथून टेप धरणें हें कलहाला घरीं आमंत्रण देणें होय. इंग्रजी अमलांत जमिनीची नवी मोजणी पुणें जिल्ह्यांत प्रिंगलनें १८२७ त आरंभिली आणि ती फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांतून तिची नवी घडी बसविली. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची; तिचे १६ भाग, आणि प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. आज लोणावळ्यांत ज्या गुंठ्याच्या भावाची चर्चा चहाच्या दुकानांतही चालते, तो या साखळीचा चौरस होय. साखळीच्या जोडीस काटकोन साधणारा शंकु असे; पुढें फलकयंत्र आलें; आतां इलेक्ट्रॉनिक यंत्रें आणि उपग्रहांवरून स्थान घेणारे रोव्हर आले आहेत. पण साधन कोणतेंही असो, जुन्या नकाशावर आजची जमीन बसविण्याचें काम भूमिअभिलेख खात्याच्या भूकरमापकाचें आहे. वडगांवास तालुक्याच्या कार्यालयांत रीतसर अर्ज करावा, मोजणीच्या दिवशीं शेजारच्या खातेदारांना समक्ष उभें करावें, खुणांचे दगड त्यांच्या देखत पुरून घ्यावे, आणि नकाशाची 'क' प्रत सांभाळून ठेवावी. येथें पैसा वांचविण्याचा विचार मनांतही आणूं नये. फोनमधील स्थानदर्शक मोकळ्या आकाशाखालीं सुद्धां चार-पांच मीटर सहज चुकतो, आणि गुंठ्याची बाजू अवघी दहा मीटर. गुंठाभर रुंदीच्या तुकड्यावर भिंत फूटभर पलीकडे गेली तर ३३ चौरस फुटांचा वाद झाला; तो मिटेतों दोन्ही घरचीं मुलें कर्तीं होतात.

हद्द ठरल्यावर मग आंखणी. आणि आंखणीचा प्राण काटकोन.

आपल्या घरांतून शुल्बसूत्रांचें नांव तरी बहुतेकांच्या कानांवरून गेलेलें असतें. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी दोरीनें कशी आंखावी याचे नियम या सूत्रांत आहेत. आयताच्या कर्णावरील चौरस दोन्ही बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका होतो, हें बौधायनानें सांगितलें असून ३ व ४, ५ व १२, ८ व १५, ७ व २४ अशा बाजूंचे आयत उदाहरणादाखल दिले आहेत. आपलीं मुलें हेंच पायथागोरसाच्या नांवानें शाळेंत शिकतात. पुढच्या शिल्पग्रंथांतही दोरीचा मान मोठा आहे. मयमतांत बांधकामाचे चार कारागीर सांगितले आहेत: स्थपति, सूत्रग्राही, वर्धकि आणि तक्षक. त्यांत दोरी धरणारा सूत्रग्राही मुख्य स्थपतीच्या खालोखाल येतो. दगड घडविणारा आणि लांकूड जोडणारा त्याच्या मागून. सध्यां आपल्या कामांवर दोरीचें टोक बहुधा त्या दिवशीं नव्यानें आलेल्या पोराच्या हातांत असतें!

अभिमान एवढा पुरे. तीन-चार-पांच हें त्रिकूट गवंड्यालाही ठाऊक असतें. चूक होते ती मापाच्या लहानपणामुळें. कोपऱ्यावर ३ फूट आणि ४ फूट मोजून कर्ण ५ फूट केला, आणि त्या कर्णांत केवळ पाव इंचाची कसर राहिली, तर ४० फूट लांब भिंतीच्या टोकाशीं ती कसर सव्वाचार इंचांच्या जवळ जाते. तोच त्रिकोण ३०, ४० आणि ५० फुटांचा धरला तर पाव इंचाच्या त्याच चुकीनें भिंतीचें टोक अर्ध्या इंचाहूनही कमी हलतें. दोरी तीच, माणसें तींच, खर्च तोच. फरक केवळ त्रिकोणाच्या आकाराचा. म्हणून जागा मावूं देईल तेवढा मोठा त्रिकोण धरावा. घराचीं मापें तीन-चारच्या प्रमाणांत नसलीं तरी अडचण नाहीं. २५ फूट रुंद व ३५ फूट लांब घर असेल तर वर्गांची बेरीज १८५० आणि तिचें वर्गमूळ ४३ फूट व वर जेमतेम एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा हिशेब घरांतील नववीचा मुलगा करूं शकतो, आणि त्यानें तो करावाच; वहीबाहेर हें प्रमेय पाहण्याची संधि त्याला वारंवार येणार नाहीं.

गुण्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण बहुतेक आंखण्या त्याच्यावर विसंबून होतात. गेल्या वैशाखांत पवनेच्या खोऱ्यांतील एका घराची आंखणी पाहण्याचा आम्हांस योग आला. घर ४० फूट लांब, ३० फूट रुंद. भाऊ दोन, बिऱ्हाडें दोन, मधली भिंत सामाईक. मेस्त्री वयानें साठीच्या पुढचा, हाताचा सफाईदार. त्यानें गुण्या लावून चारी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या, सूत ओढलें आणि समोरासमोरच्या बाजू मोजून दाखविल्या. चाळीसला चाळीस, तीसला तीस. काम संपलें असें समजून फक्कीचें घमेलें पुढें आलें, तेव्हां थोरल्या वहिनी, ज्या शाळेंत गणित शिकवितात, म्हणाल्या, "मेस्त्री, फक्की टाकायच्या आधी दोन्ही कर्ण धरून बघूं या." धाकट्या दिरानें टेपचें टोक धरलें. एक कर्ण भरला ५० फूट दीड इंच. दुसरा ४९ फूट साडेदहा इंच. फरक तीन इंचांचा.

मेस्त्री म्हणाला, "गुण्या माझ्या बापाचा हाय, बाई. त्यो चुकायचा न्हाई."

वहिनींनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं एक सरळ कडेची फळी मागविली, गुण्याचा एक हात तिच्या कडेस लावून दुसऱ्या हाताशीं पेन्सिलीनें रेघ काढविली. मग गुण्या पालथा घालून त्याच बिंदूवर पुन्हां लावावयास सांगितला. गुण्या खरा असेल तर दुसरी रेघ पहिलीवरच पडली पाहिजे. ती पडली नाहीं. दोन फुटांच्या टोकाशीं दोन रेघांत दोन सुतांची फट दिसली. पालथा घातल्यानें चूक दुप्पट होऊन दिसते. म्हणजे गुण्या एक सूत खोटा होता. वर्षानुवर्षें सिमेंटाच्या गोण्यांवर आपटल्यानें तो उसवला असावा. दोन फुटांत एक सूत ही चूक डोळ्यांना दिसत नाहीं. पण ३० फुटांवर तिचे जवळजवळ दोन इंच होतात, आणि ३० बाय ४० च्या घराच्या कर्णांत बरोबर तीन इंचांचा फरक पडतो. मेस्त्री बराच वेळ त्या दोन रेघांकडे पाहत उभा राहिला. "म्हंजी आजपातुर..." एवढेंच म्हणून तो थांबला. कोणीं कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो नवा गुण्या घेऊन आला आणि त्यानेंच प्रथम तो फळीवर पालथा घालून पाहिला.

दोन इंचांनीं काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. भिंत पडत नाहीं, हें खरें. पण तिरक्या जोत्यावर आंतल्या खोल्या सरळ धरल्या तर कोणा एका भावाच्या खोलीचा एक कोपरा निमुळता होतो. फरशी बसवितांना शेवटची ओळ एका टोकास चार बोटें आणि दुसऱ्या टोकास दोन बोटें कापावी लागते. आणि ती कापलेली फरशी पुढें तीस वर्षें रोज सकाळीं केर काढतांना दिसत राहते. एकत्र कुटुंबांत मोजमापाच्या चुकीला मोजमापाची चूक म्हणून फार दिवस राहूं देत नाहींत. तिच्यांत कोणाचा तरी हेतु दिसूं लागतो. सूत ओढलेलें असतां हा दोष काढण्यास अर्धा तास लागला. पलीकडच्या दोन्ही खुंट्या कर्णांच्या फरकाच्या निम्म्याहून थोड्या अधिक अंतरानें एकाच दिशेस सरकविल्या, पुन्हां मोजलें, आणखी किंचित् हलविलें, कर्ण जुळले. जोतें भरल्यानंतर हाच दोष काढावयाचा असता तर तो निघालाच नसता.

एक सावधगिरी येथेंच सांगून ठेवतों. केवळ कर्ण सारखे आले म्हणजे काटकोन झाले असें नव्हे. एक बाजू आंखूड आणि समोरची लांब असूनही कर्ण जुळूं शकतात. समोरासमोरच्या बाजूही सारख्या आणि कर्णही सारखे, या दोन्ही गोष्टी मिळून आयत होतो.

हें सारें सपाट जमिनीवर ठीक. लोणावळा-खंडाळ्याकडे सपाट जमीन मिळते कोणाला? उतारावर टेप जमिनीसरशी अंथरली कीं माप खोटें होतें. दहास एक असा सौम्य उतार असेल तर ४० फुटांत सुमारें अडीच इंच, आणि सहास एक असेल तर साडेसहा इंचांहून अधिक फरक पडतो. म्हणजे उतारावर टेकवून मोजलेलें चाळीस फुटांचें घर नकाशावर चाळीस फुटांचें नसतेंच. उपाय जुना आहे. टेपचें वरचें टोक जमिनीवर, खालचें टोक हवेंत आडव्या पातळींत धरावें, आणि तेथून ओळंबा सोडून तो टेकेल तेथें खुंटी ठोकावी. मग त्या खुंटीपासून पुढचा टप्पा. जिना उतरावा तसें मोजीत यावें. टप्पा दहा फुटांहून लांब घेऊं नये. टेपला झोळ पडतो, आणि वाऱ्यानें ओळंबा हलतो. घाटमाथ्यावरचा दुपारचा वारा ज्यांनीं अनुभवला आहे त्यांना हें काम सकाळीं आठाच्या आंत कां उरकावें तें सांगावयास नको.

टेप पोलादीच घ्यावी, ३० मीटरची. कापडी टेप ताणली कीं लांबते. पोलादी टेपही उन्हानें वाढते, पण २० अंशांच्या फरकानें ३० मीटरांत सात मिलिमीटर, एवढेंच; घराच्या कामास तें सोडून द्यावें. काथ्याची किंवा सुती दोरी मात्र मापासाठीं कधींही वापरूं नये. ती ओली झाली कीं आखडते, आणि मावळांत मृगाच्या आधींही एखादी सर येऊन जाते. नायलॉनचें सूत रेघ धरण्यास उत्तम, माप घेण्यास निरुपयोगी.

आतां पातळी. याच डोंगरांत पातळी राखण्याचें केवढें काम झालें आहे, तें पुण्याहून मुंबईस जातांना खिडकींतून दिसतें. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ त सुरू झाला. पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढ, आणि सर्वांत तीव्र ठिकाणीं ३७ फुटांस एक फूट. तें काम दुर्बिणीच्या पाणसळीवांचून होणें नव्हतें. चाळीस फुटांच्या घरास दुर्बीण लागत नाहीं. गवंडी जिला लेव्हल-पाइप म्हणतात ती पाण्याची नळी पुरते.

पाणी आपली पातळी आपण शोधतें, या एका गुणावर ही नळी चालते. तिला दृष्टि लागत नाहीं, समोरचें टोक दिसण्याचीही गरज नाहीं. भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे, झाडाआड, दगडांच्या राशीमागें ती सारखीच खरी. सुमारें ६० फूट पारदर्शक नळी घ्यावी. बादली उंच ठेवून एका टोकानें पाणी सोडावें आणि बुडबुडे निघून जाईतों वाहूं द्यावें. पाण्यांत कपड्यांची नीळ चिमूटभर घातली तर पातळी स्पष्ट दिसते. प्रथम दोन्ही टोकें शेजारीं-शेजारीं धरून पाणी एका रेघेंत येतें कीं नाहीं तें पाहावें. न आल्यास कोठें तरी बुडबुडा अडकला आहे असें समजावें. मग एक टोक मूळ खुणेशीं, दुसरें कोपऱ्यावर. नेतांना टोकें अंगठ्यानें दाबावीं, वाचतांना मात्र दोन्ही अंगठे काढावे. एकच काढला तर नळी खुशाल खोटें बोलते. पाणी डोलावयाचें थांबलें कीं दोन्हीकडे एकाच वेळीं खूण करावी. शेवटीं टोकांची अदलाबदल करून एकदां पुन्हां पाहावें.

या नळीचा एक दोष फारसा कोणी सांगत नाहीं. एका टोकाची उभी नळी उन्हांत आणि दुसरी सावलींत असेल तर तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें. मीटरभर उभी नळी २५ अंशांवरून ४० वर गेली तर तेथें पातळी सुमारें पांच मिलिमीटर उंच दिसते. पांच मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दीड सूत. म्हणून हेंही काम सकाळचेंच. बुडबुड्याची लहान पाणसळ फळीवर ठेवून टप्प्याटप्प्यानें पातळी पुढें नेणारे गवंडी पुष्कळ आहेत. वीट बसवितांना ती पाणसळ अवश्य असावी. पण दोन-दोन फुटांचे वीस टप्पे घेतांना प्रत्येकीं अर्धा मिलिमीटर एकाच बाजूस गेला तर शेवटीं सेंटिमीटर होतो.

पातळी बिनचूक घेतली तरी ती कशाच्या मानानें घेतली हा प्रश्न राहतो. लोणावळ्यास वर्षांत चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणें ही नेहमींची गोष्ट आहे. पूर्वेस तळेगांवाकडे येतां येतां तो झपाट्यानें कमी होतो. तेव्हां एकाच तालुक्यांतील दोन घरांस जोत्याचा एकच नियम लावतां येत नाहीं. सहास एक उतारावर ३० फूट रुंद घर बांधलें तर वरच्या आणि खालच्या कडेंत पांच फुटांचें अंतर पडतें. खालून पाहणाऱ्यास जोतें पुरुषभर उंच दिसतें आणि घरधनी निश्चिंत होतो. पण वरच्या बाजूस तेंच जोतें पायरीएवढें उरलेलें असतें, आणि आषाढांतलें पाणी येतें तें वरच्याच बाजूनें. जोत्याची उंची नेहमीं वरच्या कडेपासून मोजावी, आणि त्या कडेस पाणी वळविणारा चर आंखणीच्याच दिवशीं आंखून टाकावा. रस्त्यालगत घर असेल तर आणखी एक पाहावें. डांबराचे थर चढत चढत रस्ता उंच होत जातो आणि जुनीं घरें खड्ड्यांत गेल्यासारखीं दिसतात. हीं घरें कांहीं खचलेलीं नाहींत. रस्ता वर आला. रस्त्याच्या आजच्या माथ्याशीं बरोबरी करून समाधान मानूं नये.

खुणा टिकविण्याकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. आंखणी सुरेख झाली, फक्की पडली, आणि दुसऱ्या दिवशीं खोदाई लागली कीं पहिल्या तासांत फक्कीही गेली आणि कोपऱ्याच्या खुंट्याही गेल्या. मग चरांत उतरून अंदाजानें दगड बसतात, आणि कर्णांसाठीं केलेली सारी मेहनत मातीबरोबर बाहेर पडते. जवळच कार्ल्याचें चैत्यगृह पाहावें. सुमारें १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद, ३७ खांब. आणि सारें अखंड खडकांत वरून खालीं कोरीत आणलेलें. जो खांब अजून खडकाच्या पोटांत आहे त्याची जागा छत कोरतांनाच ठाऊक असावी लागते, आणि खूण तर कोरण्याबरोबर नाहींशी होत असते. आपली अडचण त्याच जातीची, पुष्कळ सोपी. खोदाईच्या बाहेर, चार-पांच फुटांवर, प्रत्येक भिंतीच्या रेषेंत दोन्ही टोकांस विटांच्या लहान बुर्ज्या बांधाव्या, नाहीं तर दोन पक्क्या खुंट्यांवर आडवी फळी मारावी. सर्वांचे माथे नळीनें एका पातळींत आणावे. भिंतीच्या मध्यरेषेवर खिळा ठोकून त्याच्याशेजारीं भिंतीचें नांव रंगानें लिहावें. मग चर कितीही खोदा. दोन खिळ्यांत सूत ओढलें कीं रेघ परत आली, आणि सुतावरून ओळंबा सोडला कीं चराच्या तळाशीं उतरली. मालाची गाडी मागें घेतांना बुर्जी उडवील अशा जागीं मात्र ती बांधूं नये. मूळ पातळीची खूण विहिरीच्या कठड्यावर, किंवा सिमेंटांत रोवलेल्या गजावर असावी. हलणाऱ्या कशावरही नसावी.

लेझरविषयीं विचारणाऱ्या तरुण वाचकांना निराश करण्याचा आमचा हेतु नाहीं. हल्लीं कांहीं हजारांत मिळणारें, स्वतः पातळींत येणारें लेझर दहा मीटरांत दोन-तीन मिलिमीटरांपर्यंत खरें असतें. घरांत फरशी, खिडक्या, विजेच्या पेट्या यांच्या कामीं त्याचा उपयोग मोठा. पण भर उन्हांत त्याची रेघ दिसत नाहीं, आणि आंखणी तर उघड्यावरच होते. एकदां पडलें कीं तें तितक्याच झोकांत, तितकीच तेजस्वी, पण वांकडी रेघ टाकीत राहतें. दोरीला निदान झोळ पडलेला दिसतो. मोठें घर असेल, उतार तीव्र असेल, तर गवंडी ज्याला अजून डंपी म्हणतात तें दुर्बिणीचें यंत्र माणसासह एका दिवसाच्या भाड्यानें आणावें. विकत घेऊं नये. तें आल्यावर त्याचीही परीक्षा घ्यावी. शंभर फुटांवर दोन खुंट्या ठोकून, यंत्र बरोबर मध्यें ठेवून त्यांतील उंचीचा फरक काढावा. मग यंत्र एका खुंटीजवळ नेऊन तोच फरक पुन्हां काढावा. दोन्ही उत्तरें जुळलीं तर यंत्र ठीक. यंत्रवाला रागावला तर यंत्र बदलून मागावें.

राहतां राहिली दिशा. घर पूर्वाभिमुख असावें असा आग्रह बहुतेक वडीलधाऱ्यांचा असतो, आणि मग फोनमधील होकायंत्र सुतावर ठेवून दिशा ठरविली जाते. शेजारीं सळईचा ढीग किंवा मोटार असेल तर तें होकायंत्र सळईला मान देतें. शिवाय सह्याद्रीचा काळा खडक स्वतःच थोडाफार चुंबकीय आहे. उघड्या कातळावर सुई कांहीं अंश सहज हलते. याहून खरी रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रांत आहे आणि तिला एक काठी पुरते. सपाट केलेल्या जागीं ओळंब्यानें सरळ काठी रोवावी, तिच्याभोंवतीं दोरीनें वर्तुळ काढावें. सकाळीं काठीच्या सावलीचें टोक वर्तुळाला आंत शिरतांना जेथें स्पर्श करतें तेथें खूण, दुपारीं बाहेर पडतांना जेथें करतें तेथें दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. आभाळ निरभ्र पाहिजे, एवढीच अट. म्हणजे मावळांत हें काम जूनच्या आधीं झालें पाहिजे. प्लॉट तिरका असेल आणि रस्ता दुसरीकडे असेल तर पूर्वेचा हट्ट किती धरावा, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आम्ही त्यांत पडत नाहीं.

जोत्याचें कॉंक्रीट पडण्याच्या आदल्या संध्याकाळीं चारी बाजू, दोन्ही कर्ण आणि चारी कोपऱ्यांची पातळी एकदां शेवटचीं मोजावीं, मेस्त्र्याच्या देखत कागदावर उतरावीं, तारीख घालावी, आणि तो कागद 'क' प्रतीच्याच पाकिटांत ठेवावा. बुर्ज्यांपैकीं दोन, समोरासमोरच्या, घर पुरें झाल्यावरही तशाच राहूं द्याव्या. फुलझाडांत त्या दिसत नाहींत. धाकट्याच्या लग्नानंतर मागच्या अंगास एक खोली वाढवावयाची झाली कीं सूत तेथूनच ओढावयाचें असतें.